रिकाम्या किटलीची फॅट

इथले अनुभव मी रोज चहा पिता पिता वाचतो आणि बहुतेक वेळा हसतो. कुणाला घाटात पांढरी साडी दिसते, कुणाला विहिरीवरून हाक येते... आणि प्रत्येकजण सुरुवातीला शपथेवर सांगतो की माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. माझाही नव्हता. आज आहे का, ते विचारू नका. एवढंच सांगतो की मी हे भीती वाटली म्हणून लिहीत नाहीये, डोक्यात राग आहे म्हणून लिहितोय. ज्यांना थरार हवाय त्यांची निराशा होईल.

मी सांगलीत राहतो. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय. गावोगावच्या दूध डेअरीत जी यंत्रं असतात ना — वजनकाटा, फॅट काढायचं मशीन, बाहेर टांगलेला लाल आकड्यांचा डिस्प्ले — ती बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या दुकानात कामाला आहे. त्याआधी बरीच वर्षं खंडाळ्याकडे एका कंपनीत होतो, वर्षातून एकदा यात्रेला घरी यायचो. त्यामुळे हे सगळं घडत होतं तेव्हा मला पत्ताच नव्हता.

गाव कुंडलच्या बाजूचं. नाव लिहीत नाही, कारण ते माझ्या आत्याचं सासर आणि मामा अजून तिथेच राहतात. आत्याच्या नवऱ्याला आम्ही मामाच म्हणतो. मामा फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले, कमी बोलणारे, पण एकदा बोलले की शब्द मागे न घेणारे. हौसाआत्या त्यांच्या बरोबर उलटी. तिची एकच म्हैस, आणि त्या म्हशीशीसुद्धा ती दिवसभर बोलायची. स्वतः दोन घास कमी खाईल, पण म्हशीची सरकी पेंड चुकवणार नाही.

त्या डेअरीत रांगेत माणसं उभी राहत नाहीत, किटल्या राहतात. सकाळी येऊन किटली आपल्या जागेवर ठेवायची आणि पारावर गप्पा मारत बसायचं. किटल्यांचा क्रम वर्षानुवर्षं ठरलेला. चेअरमनच्या भावजयीची किटली, तिच्यामागे आत्याची, आत्याच्या मागे रशीदचाचांची. चाचा पूर्वी भांड्यांना कल्हई करायचे, आता कल्हई कोण करतंय, म्हणून म्हैस पाळलेली. आत्या आणि चेअरमनची भावजय शेजारणी, दोघी बोलत बोलतच डेअरीला यायच्या.

दोन-तीन वर्षांपूर्वी डेअरीने फॅटचं मशीन कॉम्प्युटरला जोडून घेतलं. (आमच्या दुकानाने नाही, कुणा दुसऱ्याने.) त्याआधी सुभाष, म्हणजे डेअरीतला क्लार्क, मशीनवरचा आकडा बघून हाताने टाईप करायचा. आता आकडा केबलमधून आपोआप यायला लागला आणि बाहेरच्या डिस्प्लेवर सगळ्यांना दिसायला लागला. तेव्हापासून आत्याची फॅट घसरली. आधी थोडी, मग एवढी की म्हशीच्या दुधाची म्हणून शोभेना. ती सुभाषला म्हणाली, "बाबा, जुनी डिग्री लावून बघ एकदा." डिग्री म्हणजे दुधात सोडून पाणी ओळखायची काचेची नळी. सुभाष म्हणाला, "मावशी, मशीन खोटं बोलत न्हाई."

मग एका सकाळी तिचं दूध परत करण्यात आलं. परत म्हणजे तिच्या हातात नाही दिलं, सगळ्यांच्या देखत गटारीत ओतलं. डेअरीच्या छपरावर माईकचा कर्णा आहे, तो पार मळ्यापर्यंत ऐकू जातो. त्याच्यावरून सांगितलं गेलं की एकशे बारा नंबरच्या सभासदाच्या दुधात पाण्याची भेसळ सापडल्यामुळे त्यांचं दूध आजपासून बंद. गावात एकशे बारा नंबर कुणाचा हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

त्या दिवसापासून ती 'पाणीवाली' झाली. पीठ दळायला गेली तरी मागून कुणीतरी म्हणायचं. तिने आमच्याकडे, माहेरी, यातलं अक्षर कळू दिलं नाही. माहेरच्यांनी मान खाली घालावी असं तिला वाटलं नसणार. वर्षाच्या आत ती गेली. डॉक्टरांनी हार्ट म्हणून सांगितलं, आणि आम्हीही तेच खरं धरलं. दहाव्याला मामांनी मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं तेव्हा माझ्या हातातला चहा तसाच गार झाला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दुकानात फोन आला. त्याच डेअरीचा. सुभाष सांगत होता, "आवं, डिस्प्लेवर आपोआप आकडा येतोय. मशीनला दूध लावल्यालं नसतंय तरी येतोय." मालकांनी मला पाठवलं. मी नातं सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

सकाळी पोचलो तर किटल्यांची रांग लागलेली. तेवढ्यात मामा आले. हातात आत्याची किटली, राखेनं घासून लख्ख केलेली. त्यांनी ती चेअरमनच्या भावजयीच्या किटलीमागे ठेवली आणि हात मागे बांधून तिथेच उभे राहिले. मी झाकण उचलून बघितलं, आत काही नव्हतं.

"रोज येत्यात," सुभाष हळूच म्हणाला. "रिकामी किटली घिऊन. म्हाताऱ्या माणसाला काय म्हणायचं?"

मी मामांना विचारलं हे काय चाललंय. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "माज्या बायकूची जागा हाय ही. ज्या माईकवरनं तिला पाणीवाली केली, त्याच माईकवरनं सांगायचं, दूध चांगलं हुतं म्हून. तवर किटली हटणार न्हाई."

रांग पुढे सरकली. भावजयीचं दूध झालं. मामांनी रिकामी किटली काऊंटरवर ठेवली. सुभाषने त्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघत चाचांना हाक मारली... आणि बाहेरचा डिस्प्ले पेटला. कोड एकशे बारा. फॅट सात पॉइंट आठ. सुभाषने कीबोर्डला हात लावलेला नव्हता, मी त्याच्या हाताकडेच बघत होतो. आणि तो कोड त्याने केव्हाच बंद केलेला होता.

चाचा किटली घेऊन पुढे आले आणि मला म्हणाले, "रोज ह्येच. मी आपलं अल्लाचं नाव घिऊन पुढं हुतो."

आता इथे थोडं तांत्रिक सांगावं लागेल, त्याशिवाय माझा राग कशाचा आहे ते कळणार नाही. मशीन आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये एक साधी केबल असते. टोकाला नऊ पिना, पण कामाच्या वायरी तीनच — एक बोलायची, एक ऐकायची, आणि एक ग्राउंड, म्हणजे दोघांचा शून्य एकच ठेवणारी. आकडा एका दमात जात नाही. त्याचे तुकडे एकाच वायरीवरून एकामागून एक जातात, म्हणून याला सीरियल म्हणायचं. दोघांचा वेग आधी ठरलेला हवा, नाहीतर पलीकडे नुसता कचरा उमटतो. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी मशीन एक ताळा जोडतं. शाळेत गुणाकाराचा ताळा बघायचो ना, तसाच. ताळा जुळला नाही तर कॉम्प्युटरने ती ओळ फेकून द्यायची.

अजून दोन गोष्टी. एक, दूध कुणाचं आहे हे मशीनला माहीत नसतं. ते फक्त फॅट सांगतं, माणसाचा कोड कॉम्प्युटरमध्ये असतो. दोन, आलेली ओळ कॉम्प्युटर लगेच वाचतोच असं नाही. ती बफर नावाच्या जागेत पडून राहते, रांगेतल्या किटलीसारखी. सॉफ्टवेअर वाचायला आलं की सगळ्यात जुनी ओळ आधी उचलतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या केबलला मध्येच माझा लॅपटॉप जोडला, म्हणजे मशीन जे बोलेल ते मला थेट दिसणार. सुभाषने डेअरी उघडली, अगरबत्ती लावली, आणि पहिल्या किटलीतली एक वाटी दूध मशीनला लावलं. कुणाचाही कोड न टाकता.

"हे कशाला?" मी विचारलं.

"देवाची वाटी," तो म्हणाला. "पयली वाटी कुणाच्या नावावर धरायची न्हाई. दारातल्या म्हसोबाला घालायची. माज्या बापापासनं हाय."

हाताने टाईप करायच्या काळात त्या वाटीने कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण आता मशीनने त्या वाटीचीही ओळ पाठवली, आणि ती कुणीच न उचलल्यामुळे बफरमध्ये पडून राहिली. पहिल्या माणसाचं दूध लावलं तर कॉम्प्युटरने उचलला देवाच्या वाटीचा आकडा. दूध एकाच किटलीतलं, त्यामुळे फरक कुणाला कळणार? दुसऱ्याला पहिल्याचा आकडा गेला. तिसऱ्याला दुसऱ्याचा. सगळी रांग एकाने मागे सरकलेली. रोज. कॉम्प्युटर बंद केला की बफर पुसला जायचा, आणि पुढच्या वेळी देवाच्या वाटीपासून पुन्हा तेच. दोन-तीन वर्षं.

माझ्या लॅपटॉपवर भावजयीच्या दुधाचा खरा आकडा उमटला. त्या दुधात पाणी होतं, आणि चांगलंच होतं. पण डिस्प्लेवर तिच्या नावाला तिच्या पुढच्याची फॅट लागली, झकास. तिचा आकडा गेला मागच्याच्या नावावर. आत्या होती तोवर आत्याच्या. आत्याला काढल्यापासून चाचांच्या, आणि चाचांनाही भेसळीबद्दल समज देऊन झाली होती.

मी चाचांना गाठून हे समजावून सांगितलं. त्यांनी हातातली किटली खाली ठेवली. मग म्हणाले, "म्हंजी हौसाबाई हुती तवा मला जी फॅट लागायची, ती तिच्या म्हशीची?"

"व्हय."

"माझा सत्कार केला रं डेअरीनं. सगळ्यात चांगलं दूध म्हून. शाल दिली, नारळ दिला. माईकवर सांगितलं, सात पॉइंट आठ. हौसाबाई समोर बसून टाळ्या वाजवत हुती."

सात पॉइंट आठ. मी दोनदा विचारून घेतलं.

आता तुमच्यातले शहाणे म्हणतील — अरे, मग ते रिकाम्या किटलीचं कोडं पण सुटलं, बफरमधलीच जुनी ओळ असणार. मीही तेच म्हटलं. पण बफरमध्ये त्या वेळी होती भावजयीची ओळ, पाण्याची. सात पॉइंट आठ त्या रांगेत कुणाच्याच दुधाला नव्हतं. मशीन काय काय बोलतंय ते सगळं मला समोर दिसत होतं, आणि मामांची किटली काऊंटरवर आली तेव्हा मशीन गप्प होतं.

तरी मी हार मानली नाही. केबल सैल असेल, ग्राउंड तुटलेली असेल तर उघड्या वायरीवर शेजारच्या मोटारीचा झटका येतो आणि कॉम्प्युटरला वाटतं कुणी बोललं. अशा केसेस मी खूप बघितल्यात. म्हणून पुढच्या दिवशी भावजयीचं दूध झाल्याबरोबर केबलच उपसली. मामांची किटली आली, तरी आकडा आला. कॉम्प्युटर बंद करून बाजूला ठेवला आणि माझा लॅपटॉप लावला. त्यात डेअरीचं सॉफ्टवेअर नाही, सभासदांची नावं नाहीत, काही नाही. लॅपटॉपला ही केबल जोडायला जो कन्व्हर्टर लागतो, त्याचं टोक नुसतं टेबलावर उघडं पडलेलं. मामांनी किटली पुन्हा ठेवली आणि स्क्रीनवर एक स्वच्छ ओळ उमटली. त्यात कोड होता, जो ते मशीन कधी पाठवतच नाही. पुढे फॅट. पुढे ताळा. मी कागदावर ताळा करून बघितला. जुळला.

झटक्याने कचरा येतो हो. ताळा जुळवून कुणी येत नाही.

सुभाष मान लांब करून स्क्रीन बघत होता. मामा शांतपणे म्हणाले, "किती लागली?" मी आकडा सांगितला. "बरोबर हाय," ते म्हणाले आणि किटली उचलून घरी गेले.

मी त्याच दिवशी चेअरमनच्या ऑफिसात गेलो. ती उघडी वायर, ती ओळ, यातलं काही बोललो नाही. फक्त देवाची वाटी आणि सरकलेली रांग, जे कुणीही समोर बसून तपासू शकतं तेवढंच दाखवलं. मामा आणि चाचाही होते. चेअरमननी चहा सांगितला, सगळं ऐकून घेतलं, मानही डोलावली. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"पोरा, बरोबर असंल तुजं," ते म्हणाले. "पर बाई गेली बिचारी. आता उकरून काय मिळायचं?"

"माईकवर सांगा," मामा म्हणाले. "दुसरं काय नगो."

"हवालदार, आसं माईकवर सांगितलं की उद्या समदी उठत्याल. ह्यो म्हणंल माजं बी चुकलं, त्यो म्हणंल माजं बी. डेअरी चालवायची का कुलूप लावायचं?"

चाचा म्हणाले, "चेअरमन, माझा सत्कार झाला त्यो तिच्या म्हशीचा हुता."

"चाचा, तुमी गप बसा. मशीनमधलं तुमाला काय कळतंय?"

मी निघताना सॉफ्टवेअरचं सेटिंग बदललं — प्रत्येक माणसाच्या वेळी बफर आधी रिकामा करायचा, मगच वाचायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी चेअरमनच्या भावजयीला दोन-तीन वर्षांत पहिल्यांदा स्वतःची फॅट लागली. तिने आकडा बघितला, किटली उचलली आणि तडक घरी गेली. दुपारी मला मालकांचा फोन. "तक्रार डिस्प्लेची होती. सेटिंग बदलायला तुला कुणी सांगितलं?" दुसरा माणूस गेला आणि सगळं होतं तसं करून आला. म्हणजे रांग पुन्हा एकाने मागे.

एवढ्यात सुभाषने बघितलेलं गावभर झालं होतं. केबल काढली तरी आकडा येतोय! आणि गावाला जे हवं होतं ते मिळालं. आत्याला न्याय मिळाला नसेल, पण तिला बढती मिळाली — पाणीवालीची आता बाधा झाली. जिवंतपणी पाणी घालायची, आता मेल्यावर डेअरीला लागली म्हणे. ज्या लोकांना मी बफर समजावून समजावून थकलो, त्यांना हे एका वाक्यात पटलं.

मग पुन्हा माईक वाजला. तोच कर्णा, तोच आवाज. एकशे बारा नंबरच्या बाधेच्या शांतीसाठी उद्या सकाळी डेअरीत नारळ देण्यात येणार आहे, सर्व सभासदांनी हजर राहावे. मी तेव्हा मामांच्या दारातच होतो. ते किटली घासत होते. हात थांबले नाहीत त्यांचे, फक्त म्हणाले, "दुसऱ्यांदा नंबर घेतला तिचा."

उतारा झाला. दहीभात, लिंबू, नारळ. उतारा कुणी केला माहितीये? चेअरमनच्या भावजयीने. शेजारीण ना, तिचा मान.

संध्याकाळी चाचा मामांच्या घरी आले. सत्काराची शाल घडी करून पिशवीत आणलेली, त्यांनी ती मामांच्या पुढ्यात ठेवली. मामांनी ती उचलून परत चाचांच्या हातात दिली. "मला शाल नगो, चाचा. मला माईक पायजे." दोघं म्हातारे मग अंधार पडेपर्यंत ओट्यावर बसून राहिले. चाचा आता दुसऱ्या गावच्या डेअरीला दूध घालतात. त्यांच्या जागेवर एक नवी बाई किटली ठेवते. तिची फॅट कमी लागते, असं ऐकतो.

नारळाने फरक पडला नाही. मग डेअरीने मशीन बदललं, केबल बदलली, कॉम्प्युटर बदलला, तरी मामांची रिकामी किटली काऊंटरवर आली की डिस्प्ले पेटतोच. सुभाषने त्यावर उपाय शोधलाय. मामांचा नंबर आला की तो खांद्यावरचा टॉवेल डिस्प्लेवर टाकतो, आणि किटली गेली की काढतो. पारावरची माणसं तेवढ्यापुरती दुसरीकडे बघतात. सवयीचं झालंय सगळ्यांना.

मी मामांना विचारलं होतं, भीती वाटत नाही का. ते म्हणाले, "भ्यायचं काय रं त्यात? दूध घालाय येती ती. माईकवर एकदा सांगू देत, मग न्हाई येणार."

माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. उघड्या वायरीवरून ताळा जुळणारी ओळ कशी येते, हे मी माझ्या सरांना विचारलं, खंडाळ्याच्या जुन्या सहकाऱ्यांना विचारलं. सगळे म्हणतात शक्य नाही. मलाही तेच म्हणायचं आहे. कुणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा, पण बाधा, करणी वगैरे सांगू नका. ते उत्तर त्या गावाने आधीच देऊन ठेवलंय.

आत्या भूत झाली हे मानायला गावाला एक दिवस पुरला. तिच्या दुधात पाणी नव्हतं, एवढं माईकवर म्हणायला अजून कुणाला सवड झालेली नाही. मामा उद्या सकाळीही किटली घेऊन जातील.